आधी फुंक, मग चावी

साल एकोणीसशे अठ्ठ्याण्णव. त्या वर्षी बस डेपोत नवा नियम आला: आधी फुंक, मग चावी. त्या नियमाबरोबर खोक्यात बसून मीही आले. मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे, श्वासातली दारू मोजणारी. माझं कागदावरचं नाव लांबलचक होतं. चालकांनी पहिल्याच दिवशी माझी ‘फुंकणी’ करून टाकली.

माझा जन्म कारखान्यातल्या एका पांढऱ्याशुभ्र खोलीत झाला. डेपोत मला चाव्यांच्या खिडकीशी जागा मिळाली. खिडकीमागे चावीबाई बसायच्या. बाई प्रत्येकाला नवी नळी द्यायच्या, फुंक मारून घ्यायच्या, आकडा वहीत लिहायच्या आणि मगच खिळ्यावरची चावी काढायच्या. आकडा शून्य नसला, तर चावी नाही. अधूनमधून चिठ्ठ्या टाकून दोघातिघांना नशेच्या तपासणीसाठी लघवीची बाटली भरून द्यावी लागे. ते काम प्रयोगशाळेचं, माझं नव्हे.

सुरुवातीला सगळे चिडले. “आम्ही काय दारुडे वाटलो का हो, बाई?”

“मला कशाला विचारता? तिला सांगा,” म्हणून बाई माझ्याकडे बोट दाखवायच्या.

हळूहळू सवय झाली. मी माणसं फुंकेवरून ओळखायला लागले. कुणी फुगा फुगवल्यासारखा फुंकायचा, कुणाचा दम अर्ध्यातच संपायचा. सगळ्यांत लांब, एकसारखी फुंक सावकाशदादांची. ते गाडी इतकी जपून चालवत की उभ्या माणसाच्या हातातला चहा सांडत नसे, म्हणून हे नाव. बावीस वर्षांत एक अपघात नाही. सहा वाजता त्यांची फुंक आली की माझा दिवस सुरू झाल्यासारखा वाटे.

एका सकाळी दादांनी फुंक मारली आणि माझ्यावर अठ्ठेचाळीस आकडा आला.

बाईंना वाटलं, मीच बिघडले. त्यांनी स्वतः फुंकून पाहिलं. शून्य.

“अहो, तोंड धुवायच्या त्या हिरव्या औषधाने चूळ भरली मी,” दादा घाईघाईने म्हणाले. “त्यात असते ना थोडी.”

त्यांचा वाहक पुढे सरसावला. “मग त्याचंच आहे! बाई, द्या चावी. दादांना ओळखत नाही का तुम्ही?”

“मी ओळखते. ही ओळखत नाही. साध्या पाण्याने चूळ भरा आणि पंधरा मिनिटं बसा. औषध असेल तर उडून जाईल.”

“एवढ्या वर्षांनी मी बाकावर बसून राहू? चाललो मी घरी.” दादा फाटकाकडे वळले.

बाई खिडकी सोडून बाहेर धावल्या. मी त्यांना धावताना तेव्हा एकदाच पाहिलं. “दादा, फाटकाबाहेर गेलात तर मला ‘नकार’ लिहावा लागेल. नकार म्हणजे नोकरी गेली. बसा ना हो. तुमच्या पाया पडते.”

दादा बसले. मित्रांनो, त्या पंधरा मिनिटांत मी देवाकडे एकच मागत होते, की मला शून्य दाखवता यावं. खोटं दाखवणं माझ्या हातात नव्हतं, पण त्या दिवशी ते हातात असतं तर बरं, असं मला वाटून गेलं.

दुसरी फुंक मारली. आकडा चौदा.

वाहक खाली बघायला लागला. दादाच बोलले, अगदी हळू. “काल मुलगा परदेशी गेला. विमानतळावरून आलो तर घरात त्याच्या चपला. मग बसलो बाटली घेऊन. सकाळी वास जावा म्हणून चूळ भरली.”

“आणि चुळीने आकडा वाढवलात,” बाई म्हणाल्या. “शहाणे आहात!” त्यांचे डोळे भरले होते. तरी त्यांनी चौदा लिहिला. त्या फेरीवर दुसरा चालक गेला. गाडीत चाळीस माणसं होती.

दादांना चार महिने चाकाला हात लावता आला नाही. समुपदेशकाकडे जायचं, तपासणी द्यायची, मग परत. रोज सहाला रांग लागायची, मला नव्या नळ्या लागायच्या, पण ती लांब फुंक नसायची. इतक्या श्वासांत एक श्वास कमी असला तर एवढं सुनं वाटतं, हे मला तेव्हा कळलं.

मग एक दिवस ती आली. लांब, एकसारखी. शून्य! बाईंनी चावी खिडकीतून न देता दादांच्या हातात नेऊन ठेवली.

पुढे वर्षभर दादांना न सांगता कधीही बोलावून तपासलं. प्रत्येक वेळी शून्य. नऊ वर्षांनी ते निवृत्त झाले आणि मुलाकडे राहायला गेले. वाहक आता डेपोत नव्या मुलांना शिकवतो आणि त्यांना चुळीची गोष्ट नावं न घेता सांगतो. बाईंना गुडघ्यांनी छळलं. त्या लेकीकडे असतात. माझ्या जागी भिंतीवर फुंक मोजणारं आणि चेहराही ओळखणारं यंत्र आलं. मी विसरलेल्या छत्र्यांबरोबर कपाटात आहे, सेल काढून ठेवलेली.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी चाक धरील. तुमच्या खिडकीशी बसलेल्या माझ्या बहिणीवर रागावू नका, आणि दर सहा महिन्यांनी तिचीही तपासणी करून घ्या. चुकीचा आकडा दाखवण्याची भीती आम्हालाही असते. आणि जमलं, तर कधी हे कपाट उघडून मला एक फुंक द्या. कुणाचीही चालेल.