दुसरा काप

तीस वर्षं दातांच्या कवळ्या बनवून आई निवृत्त झाली आणि खेळण्यातले प्लॅस्टिकचे यंत्रमानव योद्धे जोडायला लागली. बोटभर उंची, धडापेक्षा डोकं मोठं, हातात तलवार नाहीतर भाला.

"ही कसली फौज? एकालाही मान नाही," बाबा म्हणायचे.

"तुमच्यावर गेलेत. वळून बघायची सोयच नाही."

योद्ध्याचे सुटे भाग प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात. आई प्रत्येक भाग दोनदा कापायची. आधी जरा लांबून, मग उरलेला खुंट अगदी कडेने. घाईने एकदाच कापलं तर पांढरा डाग उठतो, तो जात नाही. त्यामुळे दुपारभर घरात तोच आवाज असायचा. एक टक्. जरा थांबून दुसरं, हलकं.

आई गेल्यानंतर सातव्या आठवड्यात मी बाबांना माझ्याकडे न्यायला गेले. मधल्या काळात ते न्हाणीघरात पडले होते आणि दोन तास तसेच पडून होते. शेजारच्या काकूंनी दार तोडून घेतलं. बाबा 'बघू' म्हणत राहिले, मी सामान बांधत राहिले. शेवटी आईचं टेबल तेवढं उरलं. त्यावर तिचा शेवटचा योद्धा होता. हात अजून चौकटीतच.

निघायच्या दिवशी दुपारी मी स्वयंपाकघरात डबे पुसत होते. आतून टक् ऐकू आलं. जरा थांबून दुसरं, हलकं.

बाबांनी कटर हातात घेतलं असेल, बोट कापून घेतील, म्हणून मी धावत गेले. बाबा टेबलापासून चार हात लांब खुर्चीत बसले होते, हात मांडीवर. कटर टेबलावर होतं, त्याची टोपीही काढलेली नव्हती.

"या वेळेला येतो," ते म्हणाले.

"काय येतं?"

"तिचा आवाज. कापल्याचा."

बाबांची उभी हयात कारखान्यात पत्रे ठोकण्यात गेली. त्यांना एक गोष्ट तीनदा सांगावी लागते.

"बाबा, तुम्हाला दारावरची बेल ऐकू येत नाही."

"बेल नाही येत. हे येतं." ते टेबलाकडेच बघत होते. "मी गेलो तर ती कुणासाठी बसेल इथे? पण तू खरं सांग. तुला आला का आत्ता? नाही म्हणालीस तर माझंच डोकं फिरलंय असं समजेन. मुकाट्याने येईन."

फुटलेल्या दाराची नवी कडी मला तिथून दिसत होती.

"नाही," मी म्हणाले. "काहीच नाही आलं."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग "बरं" म्हणाले आणि चपला शोधायला लागले.

आता ते माझ्याकडे असतात. वेळेवर जेवतात, गोळ्या घेतात. आईची फौज त्यांनी खिडकीत मांडली आहे. बिनहाताच्या योद्ध्याचं खोकं मात्र उघडलेलं नाही.

दर पंधरा दिवसांनी मी त्या घरी जाते. खोल्यांना हवा लागायला हवी, असं सांगते. जाते ती दुपारीच. त्यांच्या खुर्चीत बसते, टेबलापासून चार हात लांब.

परत आले की बाबा वर्तमानपत्र खाली ठेवतात.

"घर ठीक?"

"ठीक."

"शांत?"

"हो बाबा. अगदी शांत."

ते मान हलवतात. मग माझ्याकडे बघण्याआधी चष्मा काढून ठेवतात, आणि मी स्वयंपाकघरात जाईपर्यंत तो परत लावत नाहीत.