धाकटीत न बसलेली ओळ

ऑफिसात तिला सगळे कात्री म्हणत, आणि ते काही उगाच नव्हे. गाद्या-उशांच्या कंपनीची जाहिरात असो नाहीतर साहेबांचं लांबण लावलेलं भाषण, कात्रीच्या हाताखालून गेलं की आटोपशीर होऊन यायचं. सोशल मीडियावर पोस्ट तीन ठिकाणी टाकायच्या आणि तिन्ही ठिकाणांचे नखरे वेगळे, म्हणून तिने त्यांना नावंच ठेवली होती. थोरली पानभर मजकूर मुकाट गिळायची. मधलीला फोटो हवा, शिवाय दोन ओळींच्या पुढचं ती झाकूनच ठेवायची. धाकटी मात्र महाचेंगट. ठरलेल्या अक्षरांवर एक स्वल्पविराम जास्त झाला तरी पोस्ट तोंडावर परत. पण गंमत अशी, की वाऱ्यासारखी पसरायची ती धाकटीवरचीच.

त्या दुपारी ती घरूनच काम करत होती. धाकटीसाठी 'पाठीला आराम' ठेवावं की 'गाढ झोप', या घोळात ती इतकी बुडाली की दाराची कडी वाजलेली तिला कळलीसुद्धा नाही. पाणी प्यायला उठली तर सासूबाईंची खोली रिकामी. ताट झाकलेलं तसंच, दाराशी चपला नाहीत.

सासूबाई जन्मभर नर्स, मोठ्या वॉर्डच्या सिस्टर. हल्ली मात्र त्यांच्या डोक्यातलं एकेक निसटत चाललं होतं. घरची माणसं सकाळी ओळखीची, संध्याकाळी परकी. त्यात आज जेवणाआधीचं इन्सुलिन घेऊन झालेलं आणि पोटात अन्नाचा कण नाही. साखर उतरली की माणूस उभ्या उभ्या कोसळतं, मग ते रस्त्यात असो की गटाराकाठी.

नवरा कामावरून धावत आला. स्कूटरवरून त्याने आसपासचा भाग पालथा घातला, पोलिसांत कळवलं, आणि घामाघूम होऊन तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला.

"पोस्ट टाक. आत्ता."

ती लिहीतच होती. फोटो लावला. निळे कपडे, बारीक कापलेले पांढरे केस, उजव्या पायाने किंचित लंगडतात, साखरेचा आजार आहे. मग लिहिलं : 'त्यांना विसरायला होतं. विचारलं तर ड्यूटीवर चाललेय असं ठणकावून सांगतील. विश्वास ठेवू नका, थांबवून ठेवा.'

"ही ओळ काढ," नवरा म्हणाला.

"अरे, पण तीच तर महत्त्वाची आहे."

"साखरेचं लिही, त्यात लाज कसली? पण आईचं डोकं ठिकाणावर नाही हे जगभर सांगायचं? तिच्या हाताखाली शिकलेल्या बायका वाचतील. काय म्हणतील?"

कात्रीने भांडायला हवं होतं. भांडली नाही. आई त्याची, सुनेने जास्त बोललं की ते खुपतंच. मग तिने धंद्याच्या भाषेत स्वतःची समजूत घातली : नाहीतरी धाकटीत बसणार नाही. डोंबलाचं बसणार नाही! 'नम्र विनंती' आणि 'कृपया' उडवलं असतं तर आरामात बसली असती. ऑफिसात दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर तिने त्याचे वाभाडे काढले असते. ओळ तिन्हींतून उडाली.

पोस्ट भराभर पसरली. फोनही येऊ लागले. ती उठायची, खिडकीपर्यंत जायची, परत येऊन बसायची.

"अहो, त्या मघाशीच इथून गेल्या," एक फळवाला म्हणाला. "मी हटकलंसुद्धा. म्हटलं, आजी, हरवलात का? तर म्हणाल्या, मला काय धाड भरलीय, ड्यूटीला उशीर होतोय. वाटलं, दुसऱ्याच कुणी असतील."

चौकातल्या वाहतूक पोलिसाने तर कमालच केली होती. पोस्ट त्यानेही वाचली होती. पण बाई इतक्या रुबाबात बोलल्या, की त्याने शिट्टी मारून गाड्या थांबवल्या आणि त्यांना अदबीने रस्ता ओलांडून दिला.

तिने फोन ठेवला. नवऱ्याला काही विचारायच्या भानगडीत ती पडलीच नाही. लिहिलं : 'माझ्या सासूबाईंना विसरायला होतं. ड्यूटीवर चाललेय म्हणतील. ते खरं नाही. गोड काहीतरी प्यायला द्या आणि आम्ही येईपर्यंत सोडू नका.' धाकटीत बसून वर जागा उरली.

"टाकलंस?" त्याने विचारलं.

"टाकलं. रागवायचं ते नंतर रागव."

तो रागावला नाही. तोंड धुवायला गेला आणि नळ नुसताच चालू ठेवून उभा राहिला.

थोड्याच वेळात एका छोट्या दवाखान्यातून फोन आला. बाई त्यांच्याकडेच होत्या. खाटांवरच्या चादरी सारख्या करत फिरत होत्या, आणि तिथल्या मुलींना वाटलं, कुणा पेशंटच्या नात्यातल्या असतील. पोस्ट वाचून एकीने साखर मोजली, तर ती धोक्याइतकी खाली उतरलेली. लगेच सरबत पाजलं होतं.

दोघं पोचली तेव्हा सासूबाई कोपऱ्यातल्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या, रिकामा पेला मांडीवर. नवरा पुढे झाला.

"आई."

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, पेशंटच्या नातेवाइकांकडे सिस्टर पाहते तसं, आपुलकीने आणि परकेपणाने. "बसा. कोण आजारी आहे तुमचं?"

त्याने वळून बायकोकडे पाहिलं. एरवी तिने शब्द पुरवला असता. आज तिने त्यालाच बोलू दिलं.

"माझी आई," तो म्हणाला. "ती... हरवलीय."

"घाबरू नका, सापडेल. कशी आहे ती? सगळं सांगा. नातेवाईक अर्धं पोटात ठेवतात आणि मग आम्ही अंधारात चाचपडतो."

त्याने केसांचं सांगितलं, पायाचं, साखरेचं. मग अडकला.

"पुढे?"

आणि मग तो बोलायला लागला. ती दुधात मीठ घालते. मला माझ्या मेलेल्या मामाच्या नावाने हाक मारते. परवा सकाळी मला घरात पाहून चोर समजून किंचाळली. मी दाराआड जाऊन रडलो, आणि हे मी कुणालाच सांगितलं नाही. आत्ताही त्याच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या, आणि खाटांवरची माणसं बघताहेत याची त्याला शुद्ध नव्हती.

सासूबाईंनी सवयीने त्याचं मनगट हातात घेतलं होतं. त्यांनी त्याला मध्येच तोडलं नाही, घाई केली नाही. त्याचं बोलून संपल्यावर म्हणाल्या, "एकटं सोडू नका हो तिला. आणि लाजू नका. तिचा काय दोष त्यात?"