साथ पुढे निघून गेली

“अगं, तो श्वास घेतोय! श्वास घेणाऱ्याला सोडून एकटीच कुठं निघालीस?”

गुरुबाईंचा तो आवाज तिच्या कानात अजून तसाच होता. शाळकरी वय होतं तिचं तेव्हा. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना पियानोवर साथ करायला नुकती बसू लागली होती. गुरुबाई मागं उभ्या राहून ओरडायच्या, आणि ओरडून झालं की केसांवरून हात फिरवायच्या. तेव्हापासून जन्मभर तिनं दुसऱ्यांचेच श्वास ऐकले. विद्यापीठाच्या संगीत विभागात किती पोरांना पुढं घातलं, आणि स्वतः मागं मागं राहिली.

आता निवृत्त झाल्यावर त्याच विभागाच्या व्हरांड्यात ती बाकावर बसली होती, एका मुलीची आई म्हणून.

आत निवड चालली होती. विद्यापीठाच्या वाद्यवृंदापुढं उभं राहून एकट्यानं वाजवायचा मान दरवर्षी एकाच विद्यार्थ्याला मिळतो. लेकीचं हे शेवटचं वर्ष. आज नाही, तर कधीच नाही. परीक्षक पडद्याआड बसतात. मुलं बूट-चपला दाराबाहेर काढून जातात, टाचांच्या आवाजावरूनही कोण आलं ते कळू नये म्हणून. वाद्यवृंदाच्या जागी पियानोवर एकच साथीदार, सगळ्यांना तोच. पडद्यामागून घंटी वाजली की थांबायचं. शेवटपर्यंत वाजवू दिलं, तरच आशा.

“बाई, चहा घ्या,” विभागातली कारकून म्हणाली. “तुम्ही होतात तेव्हा पोरं तुमच्या साथीसाठी भांडायची. आता आमचं घड्याळ आहे.”

नव्या साथीदाराला पोरांनी ठेवलेलं हे नाव. ठेका म्हणजे ठेका; जरा इकडं नाही, जरा तिकडं नाही.

“घड्याळाला काटे असतात गं, कान कुठले असायला!”

दोघी हसल्या. कप तिनं दोन्ही हातांनी धरला.

“गारठा फार आहे ना यंदा?”

“बोटं आखडतात मेली,” ती म्हणाली.

लेक व्हायोलिन घेऊन आली. चेहरा उतरलेला.

“आई, तू घरी जा ना.”

“का? मी काय परीक्षकांना चावणार आहे?”

“तसं नाही गं...” लेक पुढं काही बोलणार, तेवढ्यात आतून हाक आली. तिनं बूट काढले. आईनं तिच्या कपाळावरची बट मागं सारली. दार लागलं.

पहिला सूर आला आणि आईनं डोळे मिटले. हा सूर तिनं मांडीवर वाढवला होता. नवरा गेल्यावर घरात दोघीच उरल्या. संध्याकाळी वाजवायला बसल्या की घर भरायचं, वाजवणं थांबलं की भिंती अंगावर यायच्या. लेक पुढं, आई मागं. लेकीचं व्हायोलिन, आईचा पियानो. दिवसातला तेवढाच वेळ काय तो गोड.

मग ती जागा आली. इथं व्हायोलिन जिना उतरावा तसं धावत खाली येतं, पियानो खालून चढत जातो, आणि मधल्या पायरीवर दोघं भेटतात.

लेक थांबली. पापणी लवावी एवढंच. पण पियानो थांबला नाही. साथ पुढं निघून गेली, आणि लेक मागं राहिली, बाजारात हात सुटलेल्या पोरासारखी. धावली, गाठलं. पुढच्या वळणावर पुन्हा तेच: ती थांबली, तो गेला.

घंटी वाजली.

दार उघडलं. लेक बाहेर आली ती अनवाणीच बाकापाशी येऊन बसली.

“त्या मेल्यानं पाडलं तुला!” आईच्या कपाळाची शीर उडत होती. “घरी रोज वाजवतेस, त्या जागी एकदा चुकली नाहीस. एकदा! मी आत जाते. सांगते त्यांना, परत ऐका पोरीला. साथ मी करते.”

“आई, नियम आहे...”

“नियम गेला खड्ड्यात. माझ्या हातची साथ त्यांनी ऐकलीय. ऐकू देत पुन्हा!”

ती उठली. दाराच्या मुठीवर डावा हात ठेवला. लेकीनं धावत येऊन तो हात धरला, दोन्ही हातांनी, घट्ट.

“आत नको जाऊस.”

“का? लाज वाटते आईची?”

“नाही गं.” कारकून बाई उठून आपणहून लांब गेली. “त्यानं काही चुकवलं नाही, आई. तो बरोबर होता. थांबायची सवय मला लागलीय.”

“कसली सवय?”

“तुझा डावा हात मागं राहतो. उन्हाळ्यापासून. त्या जागी तो वेळेवर येतच नाही. पहिल्यांदा वाटलं, दमली असशील. मग रोजच. तुला कळू नये म्हणून मी थांबायचे, तुझा हात येईपर्यंत. आज मनाला बजावून गेले होते, थांबायचं नाही, थांबायचं नाही... बोटंच थांबली.”

आई हाताकडं बघत राहिली. लेकीच्या मुठीत तो बारीक कापत होता.

“गारठ्यानं नाही होत ते, आई. डॉक्टरांना दाखवू या, असं किती वेळा तोंडाशी आलं. पण सांगितलं असतं, तर तू पियानोचं झाकण पुन्हा उघडलंच नसतंस.”