आधी बॉनेट, मग दूध

मी शाळेत भूगोल शिकवते आणि खोंगोरची गाणारी वाळू मी स्वतः कधी ऐकलेली नव्हती. दरवर्षी फळ्यावर गोबी वाळवंटाचा नकाशा काढायचा, वारा सुटला की त्या टेकड्या कशा घुमतात ते रंगवून सांगायचं, आणि दरवर्षी कुणीतरी विचारायचंच, "बाई, तुम्ही ऐकलंय?" मी म्हणायची, "येत्या उन्हाळ्यात." या वर्षी सोलोंगो नावाच्या पोरीने विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "येत्या उन्हाळ्यात, हो ना बाई? माझ्या ताईलाही तुम्ही हेच सांगितलं होतं." सगळा वर्ग खो खो हसला. मीही हसले, पण फार लागलं मला ते.

घरी आल्या आल्या नवऱ्याला म्हटलं, "ओचिर, या सुट्टीआधी गाडी घ्यायची. जुनी चालेल, पण गोबीत जाऊन परत येणारी हवी."

"घेऊ की," तो म्हणाला. "दादाला विचारतो."

इथेच माशी शिंकली. दाम्दिनदादा म्हणजे माझे थोरले दीर. कधीकाळी टॅक्सी चालवायचे, त्यामुळे चार चाकं असलेल्या कुठल्याही गोष्टीत त्यांचाच शब्द शेवटचा. आमच्यात थोरल्या भावापुढे बोलायची पद्धत नाही, आणि या पद्धतीचा त्यांच्याइतका फायदा अख्ख्या उलानबातारमध्ये कुणी घेतला नसेल. आधी ते लामांकडे जाऊन आले. आमच्या पंचांगाप्रमाणे ओचिरचा जन्म लाल वाघाच्या वर्षातला, म्हणजे तो आगीचा. काळा रंग पाण्याचा, तेव्हा काळी गाडी बाद. मंगळवारी सौदा नको. नंबराच्या आकड्यांची बेरीज नीट यायला हवी. इंजिनाबद्दल लामांनी काही सांगितलं नव्हतं, त्यामुळे इंजिनाबद्दल कुणी काही बोललंच नाही.

दर रविवारी आम्ही शहराबाहेरच्या गाड्यांच्या बाजारात जायचो. जपानहून आलेल्या गाड्यांच्या रांगाच रांगा, वर धूळ. दादा टायरला लाथ मारायचे, नंबर वाचायचे आणि मान हलवायचे. मग मटण भरून तळलेले खुशूर खायचे, बोटं चाटायचे आणि घरी. माझ्या नाकी नऊ आले होते. सुट्टी जवळ येत होती आणि आमच्या पदरात नुसती धूळ आणि खुशूरचं तेल.

शेवटी एक पांढरी गाडी दादांच्या मनात भरली. विकणाऱ्याने चावी फिरवली तशी आतल्या यंत्रातून एक बाई जपानीत गोड आवाजात काहीतरी बोलली.

"प्रवासाला शुभेच्छा देते," विकणारा म्हणाला.

"वा!" म्हणत दादांनी पिशवीतून दुधाचा थर्मास काढला आणि मी पुढे सरकेपर्यंत चारही चाकांवर शुभशकुनाचं दूध शिंपडून मोकळे झाले.

माझे वडील ट्रक चालवायचे. त्यांना पाने देता देता मी लहानाची मोठी झाले, तेव्हा गाडी खालून बघायची असते एवढं मला कळतं. मी जमिनीवर आडवी झाले. तळ गंजला होता, आणि गंजावर ताजा काळा रंग चोपडला होता.

"दादा, हिचा तळ..."

"उयांगा!" दादा ओरडलेच. "दूध शिंपडलंय. आता तिच्याबद्दल वाईट बोलायचं नाही."

"मग आधी बघायचं, नंतर शिंपडायचं ना!"

"अगं, हळू बोल," ओचिर कुजबुजला. "गाडी ऐकते."

मी डोक्याला हात लावला. नशीब, पैसे द्यायच्या आधी एक चक्कर मारायचं ठरलं. पहिल्याच चढावर बॉनेटमधून वाफ निघाली आणि गाडी रस्त्यात बसली. आतली जपानी बाई तरीही शुभेच्छा देतच होती. दादा खाली उतरले, वाफेकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बघितलंस? तू बोललीस म्हणून झालं हे."

ओचिरने खाली मान घातली. भावाला एक शब्द बोलला नाही. त्या रात्री मी त्याला जेवायला वाढलं नाही, आणि त्याने का म्हणून विचारलंही नाही.

पुढच्या रविवारी थर्मास मी माझ्या पिशवीत ठेवला आणि पिशवीचा पट्टा गळ्यात अडकवला. "आधी बॉनेट, मग दूध," मी जाहीर केलं. दादांना वाटलं मी थट्टा करते आहे.

बाजाराच्या टोकाला हॅट घातलेली एक जाडजूड बाई स्वतःची गाडी घेऊन उभी होती. उंच, चौकोनी, दारावर ओरखडे, आणि काळी कुळकुळीत. मी बॉनेटवर हात ठेवला. थंडगार. म्हणजे आम्ही यायच्या आधी तापवून ठेवलेली नव्हती. तेल स्वच्छ. खाली शिरले तर तळ कोरडा, रंग मूळचा, आणि फक्त एक मोठी खोक.

"ही खोक कशाने पडली, ताई?"

"मूर्खपणाने," बाई म्हणाली. "नवऱ्याच्या. तेवढी सोडली तर पश्चिमेचे सगळे डोंगर फिरून आली आहे ती."

मला ती बाईही आवडली आणि गाडीही.

"काळी आहे," दादा म्हणाले. "ओचिर आगीचा. पाणी आग विझवतं. विषय संपला."

ओचिरने नेहमीसारखी खाली मान घातली. माझ्या डोळ्यांपुढे सोलोंगोचा वर केलेला हात आला. पुन्हा येत्या उन्हाळ्यात? छे.

"दादा, मी निळ्या गाईच्या वर्षातली. म्हणजे कशाची?"

"लाकडाची," दादा बेसावधपणे म्हणाले.

"आणि पाणी लाकडाचं काय करतं?"

दादा टायरला लाथ मारायला वळले. हॅटवाली बाई फिसकन हसली.

"सांगा ना दादा. तुम्हीच जाऊन विचारून आलात लामांना."

"वाढवतं," दादा पुटपुटले. "पण गाडी मालकाच्या वर्षावर बघायची असते."

"बरोबर. म्हणून ती माझ्या नावावर घ्यायची."

ओचिरने मान वर केली. "तुझ्या?" मग भावाकडे बघत म्हणाला, "दादा, नियमाने बरोबर आहे तिचं." लग्नानंतर पहिल्यांदा तो भावासमोर माझ्या बाजूने बोलला. मला एकदम रडूच आलं. ते लपवायला मी थर्मास काढून दादांच्या हातात दिला. थोरल्या माणसाचा मान तो, त्यांनीच शिंपडायला हवं होतं. त्यांनी तोंड वाकडं करून का होईना, पण चारही चाकांवर नीट शिंपडलं.

सुट्टी लागली तसे आम्ही दोघं निघालो. मालकीण मी, म्हणून स्टिअरिंगवर मी. इथल्या बहुतेक गाड्यांसारखं आमचंही स्टिअरिंग उजवीकडे, आणि रस्त्यानेही चालायचं उजवीकडून. त्यामुळे पुढची गाडी ओलांडताना समोरचं दिसतं ते डावीकडे बसलेल्याला. एवढी वर्षं उसन्या गाड्यांत ती जागा माझी होती. "जा" म्हटलं तरी ओरडा, "थांब" म्हटलं तरी ओरडा. आता तिथे ओचिर होता आणि पुढे बकऱ्यांनी भरलेला ट्रक.

"जाऊ?"

"थांब."

"आता?"

"थांब, थांब."

"रस्ता मोकळा दिसतोय रे!"

"मला नाही वाटत."

बकऱ्यांचा वास नाकात घेत आम्ही रांगत राहिलो. बऱ्याच वेळाने तो वैतागून म्हणाला, "अजून किती राहिलं?"

"वाटेत असं विचारू नये," मी म्हटलं. लग्न झाल्यापासून मी विचारलं की त्याचं हेच उत्तर असायचं. तो चिडला, मग हसला, आणि म्हणाला, "जा!"

खोंगोरला पोचलो तेव्हा वारा पडला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी सुटला. वाळू घुमायला लागली तसं पायाखालचं सगळं थरथरलं, आणि मी टेकडीवर बसून पोरासारखी रडले. ओचिर शेजारी बसून राहिला. एक शब्द बोलला नाही, आणि या वेळी मला ते चाललं.

शाळा उघडली. सोलोंगो आता पुढच्या वर्गात गेली होती, पण मधल्या सुट्टीत दारात येऊन उभी राहिली.

"बाई, ऐकलंत?"

"ऐकलं."

ती जरा हिरमुसली. मग तिचे डोळे चमकले. "आणि उत्तरेचा मोठा तलाव? तो पाहिलात?"

वर्गातली पोरं आधीच हसायच्या तयारीत होती. मी पर्समधून चावी काढून टेबलावर ठेवली.

"नाही पाहिला," मी म्हटलं. "पण गाडी माझ्या नावावर आहे."