बेल्ट झिजू नये म्हणून

आमच्या बाबांना काही सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. डोंगरावरच्या पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह रोज सकाळी उघडायचा, एवढंच त्यांचं काम. वर जायला कंपनीनं एटीव्ही दिलेली, मोटारसायकलचं हँडल आणि चार जाडजूड चाकं. आणि वर्षभरात तिचे तीन बेल्ट जाळले की हो या माणसानं!

मी कंपनीच्याच वर्कशॉपात मेकॅनिक. साहेबांनी मला तिथे गाठलं. "अजून एक बेल्ट गेला तर म्हाताऱ्याला घरी बसवावं लागेल." घरी म्हणजे कुठे? आमचं घरही कंपनीचंच, नोकरी गेली की तेही जाणार.

नवा बेल्ट मीच बसवला आणि बाबांची शाळा घेतली. "चढावर लो गिअर. ब्रेक दाबून रेस द्यायची नाही. चाकं अडलेली आणि इंजिन फिरतंय, मग मधला बेल्ट जळणार नाही तर काय? रबराचा वास आला की थांबायचं. कळलं?"

"कळलं, मास्तरीणबाई."

"नुसतं हो ला हो नको!"

दोन महिन्यांनी बेल्टचं कव्हर उघडलं. बेल्ट अगदी नवाकोरा. ना जळाल्याची चकाकी, ना काळी भुकटी. मी सगळ्या वर्कशॉपला सांगत सुटले, म्हातारा सुधारला! साहेबही खूश. बाबांचं पुढच्या वर्षाचं काम पक्कं केलं त्यांनी. मग गाडी पुसताना मीटरकडे लक्ष गेलं. किलोमीटरचे आकडे जवळजवळ बेल्ट बसवला तेव्हाचेच होते.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या मागोमाग निघाले. घरं दिसेनाशी झाली तशी त्यांनी गाडी झुडपाआड लावली आणि चालत चढ धरला. वाटेच्या कडेनं टाकीचा पाइप खाली येतो, त्यावर तळवा ठेवून. तळवा एकदाही उचलला नाही.

माझं डोकंच फिरलं. "बाबा! गाडी काय शोभेला दिलीय?"

ते दचकले. "बेल्ट झिजतो गं. तूच म्हणालीस ना."

मी पुढ्यात जाऊन उभी राहिले. ते माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होते.

"कधीपासून दिसत नाही?"

"झालं वर्ष. रस्त्याची कडा दिसत नाही, म्हणून ब्रेक दाबून दाबून जायचो. बेल्ट त्यानंच जळायचे, तुझं बरोबर होतं."

वर्षभर मी त्यांना नको नको ते बोलले होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. पण गप्प बसून कसं चालेल?

"साहेबांना सांगावं लागेल, बाबा. एखाद दिवशी पाय घसरला तर?"

"घर जाईल."

"जाऊ दे. मी सांगते त्यांना."

ते म्हणाले, "तू नको सांगूस. मीच सांगतो. पोरीनंच बापाला कामावरून काढलं, असं तुला कुणी बोलायला नको."

ते पाइप चाचपत वर निघाले. खाली लोक नळ उघडून पाण्याची वाट बघत होते.