माझे नाक आणि मानियाचे हात

मी अथेन्समधला एक जुना दारदेव आहे, मित्रांनो. खाली संगमरवराचा चौकोनी खांब आणि वर हर्मीस देवाचे दाढीवाले डोके. मला घडवले तेव्हा बघणारे म्हणाले, "नाक काय सुरेख उतरलंय!" तेव्हापासून मी फानिआस नावाच्या गृहस्थाच्या दारात उभा आहे.

मला रोज धुवायची ती मानिया, घरची म्हातारी दासी. ती दाराशीच झोपे. माळ घालताना माझी थट्टाही करी. "देवा, तुझं नाक घासून घासून माझे हात झिजले. पण तू कधी हूं की चूं केलं नाहीस!"

मग ते वर्ष उजाडले. आमची गलबते दूर सिसिली बेटावर लढायला निघायची होती. एका सकाळी पाहतात तो गावभर दारोदारचे देव फोडलेले. माझेही नाक आणि तोंड पायरीवर पडले होते. फोडणारे मी पाहिले होते, पण सांगणार कशाने?

मोहिमेच्या तोंडावर असा अपशकुन! लोकांची भीतीने गाळण उडाली. जो तो दुसऱ्याचे नाव घेऊ लागला. शेजारी ओरडला, "हा फानिआसही त्यांच्यात होता!" हे शाबीत झाले असते तर फानिआसला मरणच होते.

तो म्हणाला, "मी रात्रभर घरात होतो. माझ्या दासीला विचारा."

मानिया पुढे झाली. "दार उघडलंच नाही, मायबाप. मी दारातच आडवी पडले होते."

"असं चालत नाही, म्हातारे," चौकशीला आलेला अधिकारी म्हणाला. "गुलामाची साक्ष छळ केल्याशिवाय कायदा धरत नाही."

"अहो, खरं ते न मारताही सांगतेय की!"

तिने मालकाकडे पाहिले. फानिआसने मान खाली घातली आणि म्हणाला, "न्या तिला." मला त्याची शिसारी आली.

तीन दिवसांनी तिला फळीवर घालून आणले. दोन्ही खांदे निखळले होते. शेवटपर्यंत ती एकच बोलली होती, "दार उघडलं नाही." फानिआस सुटला. घरात मेजवानी झाली. दुसऱ्याच दिवशी त्याने पाथरवट बोलावून मला नवे नाक-तोंड बसवले. मानियाच्या हातांसाठी मात्र कुणी वैद्य आला नाही.

मित्रांनो, देव जरूर जपा, पण त्याला धुणारे हात आधी जपा. दगडाला नाक पुन्हा बसवता येते.

मानिया अजून येते. हात वर होत नाहीत, म्हणून माळ दातात धरून आणते आणि माझ्या पायथ्याशी टाकते.

"नाक छान बसलंय रे," ती म्हणते. "धुवायला मात्र आता दुसरी बघ."