काउंटरखालचा माणूस

"आता वाका, काका," प्रतीक्षा हळूच म्हणाली आणि भगवंतराव हरभऱ्याची पिशवी काढायच्या निमित्ताने काउंटरखाली वाकले. तिथे जीवन आधीच उकिडवा बसला होता. त्याने पिशवी उचलली आणि तो उभा राहिला. भगवंतराव खालीच राहिले. गुडघे कुरकुरले, पण बेत ठरल्याप्रमाणे पार पडला होता.

प्रतीक्षा म्हणजे बियाण्याच्या दुकानाचे मालक वामनराव यांची मुलगी. अमरावतीच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकत होती आणि दिवाळीला अकोल्याला आली ती हा प्रयोग डोक्यात घेऊनच. परदेशात कोणी तरी करून पाहिला होता म्हणे. काउंटरमागचा माणूस खाली वाकतो, वर दुसराच येतो आणि समोरच्या बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही.

"तिकडं लागत नसन पत्ता," भगवंतराव हसले होते. "इथं मले सारा तालुका ओयखते. तुया बापाच्या दुकानात लोक बियाणं घ्यायले नाही येत पोरी, भगवंतभाऊले भेटाले येतेत."

"मग बघूच की, काका."

यात फुशारकी होती खरी, पण म्हाताऱ्याची पुंजी म्हणाल तर तेवढीच होती. बायको गेल्यापासून डाबकी रोडवरच्या घरात आवाज करायला एक पंखाच काय तो उरला होता. मुलगा श्याम पुण्याला या म्हणून मागे लागला होता आणि येत्या रविवारी काय ते पक्कं सांगा म्हणाला होता. भगवंतरावांचं उत्तर दर वेळी एकच. "तिथं मले कोण ओयखते रे? इथं घराबाहेर पाय टाकला का लोक हाका मारतेत." आता हे पुराव्यानिशी सांगता येईल, म्हणूनच ते एवढ्या हौसेने तयार झाले होते.

तसं पाहिलं तर जीवनमध्ये आणि त्यांच्यात साम्य शोधूनही सापडलं नसतं. भगवंतराव उंच, दाढीमिशी सफाचट. जीवन दुकानात नवा, ठेंगणा आणि झुपकेदार मिशांचा. दुकानाचा निळा शर्ट तेवढा दोघांच्या अंगावर सारखा होता.

हरभऱ्याच्या पेरणीची घाई होती. पहिल्या गिऱ्हाइकाने मिशांकडे न बघताच पिशवी घेतली. दुसऱ्याचं लक्ष मोबाइलमध्ये होतं. हे नेहमीचे नव्हते, असं भगवंतरावांनी खाली बसून स्वतःला समजावलं. मग बोरगाव मंजूचे जानराव आले. जानराव म्हणजे घरचाच माणूस. भगवंतरावांनी त्यांना रामराम घातला, वाकले आणि खाली बसून कान टवकारले. आता होईल गंमत, असं त्यांना वाटलं.

"जॅकी हरभराच द्या, भाऊ," वरून जानरावांचा आवाज आला. "आन् पोरीचं जमलं बरं. पोरगं मूर्तिजापूरचं हाय."

"अरे वा," जीवन म्हणाला.

"तुमी मांगं म्हनलं होतं न, घाई करू नका म्हनून? तुमचं आयकलं तं बरं झालं. नाही तं त्या दारुड्याच्या घरी पडली असती पोरगी."

जीवनचे पाय जागच्या जागी चुळबुळले. त्यालाही बिचाऱ्याला अवघडल्यासारखं झालं असावं.

"लग्नाले या लागते बरं, भाऊ. तुमच्याशिवाय अक्षता पडनार नाहीत."

"येतो न," जीवन म्हणाला.

आपला सल्ला, आपलं आमंत्रण, सगळं डोक्यावरून दुसऱ्याच्या हातात गेलेलं भगवंतरावांनी ऐकलं. उठून समोर उभं राहावं असं एकदा मनात आलं. पण मग जानराव ओशाळले असते, म्हणून ते तसेच खताच्या पोत्याला टेकून बसून राहिले. दुपारपर्यंत फक्त एका बाईने विचारलं, "ते मघाचे बाबा कुठी गेले?" ती दर्यापूरकडची होती आणि दुकानात पहिल्यांदाच आली होती.

"मनावर घेऊ नका, काका," प्रतीक्षा नंतर म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "सगळीकडे असंच होतं. माणूस आपल्या कामाकडे बघतो, समोरच्याच्या चेहऱ्याकडे नाही."

"मले कायचं वाईट वाटते?" भगवंतराव म्हणाले. पण त्या दिवशी डबा त्यांच्याने उघडवला नाही.

डबा शकुनबाईंचा. त्या खोलेश्वरला राहत, घरून डबे देत आणि त्यांचा मुलगा योगेश कामावर जाता-जाता तो दुकानात ठेवून जाई. भगवंतराव कैक वर्षांपासून शकुनबाईंच्याच हातचं जेवत होते. संध्याकाळी भरलेला डबा तसाच परत द्यायचा त्यांना संकोच वाटला. भाजीचा दोष नाही हे सांगावं आणि आजची हकिगतही सांगावी, म्हणून ते स्वतःच निघाले. ऐकून घेईल असं माणूस त्यांना तेवढं एकच आठवलं.

दार सुनेने उघडलं. साधना तिचं नाव.

"शकुनबाई हायेत?"

साधना बघतच राहिली. "आई तं अचलपूरले हाय, काकाजी. ननंदेकडे. दसऱ्याले पडल्या न, हात मोडला. तवापासून डबे म्याच करून राहिली."

भगवंतराव पायरीवर बसले. दसरा जाऊन दिवाळीही उलटली होती. इतके दिवस ते दुसऱ्याच हातचं जेवत होते आणि रोज तृप्तीची ढेकर देऊन डबा विसळून ठेवत होते.

"योगेशनं सांगतलं नाही मले."

"आईनंच सांगू देलं नाही. भगवंतभाऊच्या आपसूक ध्यानात येईन म्हने." साधनाने पदराचा काठ बोटाला गुंडाळला. "रोज फोनवर इचारतेत, भाऊनं इचारलं का म्हनून. म्या सांगतो, हाव, इचारलं. काय सांगू मंग?"

भगवंतरावांना आपली शरम वाटली. डब्यातलं काय बदललं, हे ते आठवू लागले. भाजी तीच, पोळ्या तशाच. आणि मग आठवलं. शकुनबाई सगळ्यात खालच्या पुडात, पोळीच्या घडीत, गुळाचा खडा ठेवत. जेवणावर तोंड गोड व्हावं म्हणून. तो कधीपासूनच येत नव्हता.

"फोन लावता का त्याईले?" ते म्हणाले.

साधनाने फोन लावून दिला.

"शकुनबाई, म्या भगवंत. हात कसा हाय?"

"बरा हाय. तुमी कसे काय आज?"

"म्हनलं, डब्यात गुयाचा खडा येत नाही. तवाच समजलो म्या, बाई घरी नाहीत."

पलीकडून शकुनबाईंचा आवाज आला, एकदम हलका झालेला. "मले मालूमच होतं. साधनाले म्हनलं होतं म्या, दुसऱ्या कोनाले नाही समजलं तरी भाऊले समजनच." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "योगेश सांगत होता, तुमी पुण्याले चाल्ले म्हनून?"

"छे. कुठं जातो म्या?"

"संक्रांतीपर्यंत येतो म्या वापस. मंग पहिल्यासारखा डबा."

"या," भगवंतराव म्हणाले. "म्या हाओच इथं."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी काउंटरमागे बसून डबा उघडला. खालच्या पुडात, पोळीच्या घडीत, गुळाचा खडा होता. सुनेने सगळं ऐकलं होतं तर. खडा हातात घेऊन ते बघत राहिले. जरा मोठा वाटत होता. शकुनबाईंचा केवढा असायचा, ते त्यांनी आठवून पाहिलं. कैक वर्षं रोज खाल्ला होता, पण काही केल्या आठवेना.

समोर गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं. भगवंतरावांनी खडा पोळीत परत ठेवला, मान वर केली आणि आधी त्या माणसाचा चेहरा नीट पाहून घेतला.